ओढ्यापलीकडचं घर

होहेपा शेजारच्या मकरेताच्या फाटकातून आत शिरला, आणि त्याच्या दोन्ही हातांत किरिवाईचं शिवणयंत्र होतं.

ओढ्याच्या अलीकडून, बहिणीच्या अंगणातून, किरिवाईनं नवऱ्याला पाहिलं. मग जमिनीतून उसळणाऱ्या कढत पाण्याची वाफ मध्ये आली आणि सगळं पांढरं झालं. वाफ विरली तेव्हा तो पुन्हा तिकडंच निघाला होता. आता खांद्यावर गादी.

"पिरिहिराचा गुडघा धरलाय, चार दिवस बहिणीपाशी राहा," असं सांगून नवऱ्यानंच तिला इकडं धाडलं होतं. पिरिहिरा दारातच हसली होती. "माझा गुडघा? परवा लग्नात नाचले की मी!"

तेव्हापासून किरिवाई ओढ्याकाठी बसून आपल्या घरावर नजर ठेवून होती. मकरेता विधवा, हसतमुख. होहेपानं नुकतंच तिचं छप्पर शाकारून दिलं होतं. शिवाय हल्ली तो किरिवाईला पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपू देत नसे. तिथं स्वतः पडायचा आणि रात्रभर कूस बदलायचा. विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं."

पिरिहिरा जमिनीतल्या वाफेवर अन्न शिजवायच्या पेटीतून शिजलेल्या मक्याची टोपली उचलत होती. "तुझ्या नवऱ्याचा मका आता मकरेताच्या पेटीत शिजणार वाटतं," ती म्हणाली. चेष्टाच ती. पण किरिवाई ताडकन उठली आणि पुलावरून जवळजवळ पळत सुटली.

होहेपा त्यांच्या घरातून बाहेर येत होता. या खेपेला त्याच्या छातीशी तिच्या आईचा फोटो होता.

"आईलासुद्धा नेतोस?" किरिवाई किंचाळली. "मकरेताच्या भिंतीवर टांगणारेस का तिला?"

मकरेता आपल्या फाटकाशीच उभी होती. तिनं मान खाली घातली. "सांगून टाक बाबा तिला," ती होहेपाला म्हणाली.

किरिवाई त्याला ढकलून आत घुसली.

"आत जाऊ नकोस!" होहेपा ओरडला.

खोली रिकामी होती. पलंगाच्या जागी जमिनीच्या फळ्या काळ्या पडून फुगल्या होत्या. फटींतून वाफ येत होती. आणि खालून आवाज येत होता, गदक... गदक... चिखल उकळल्याचा. लहानपणापासून ऐकलेला आवाज. पण तो नेहमी कुंपणापलीकडच्या चिखलकुंडातून यायचा.

होहेपानं तिचा दंड धरून तिला उंबऱ्याबाहेर आणलं.

"महिनाभर जमीन तापतेय," तो म्हणाला. "सामान तेवढं मकरेताकडे ठेवतोय. उद्या माणसं येतायत घर उतरवायला. तू इथं जन्मलीस, किरी. आईचं घर जाताना तुला बघवलं नसतं, म्हणून..."

तिनं त्याच्या हातातला फोटो घेतला. काचेवर साचलेली वाफ तळव्यानं पुसली.

"आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हाही तुम्ही सगळ्यांनी मला असंच काहीतरी सांगून लांब धाडलं होतं," ती म्हणाली. "उद्या मी इथंच उभी राहणार."