चषकातलं पाणी

पहिला धावपटू वळणावर दिसला, तसा म्हातारा फिंटन दगडी कुंपणावरून उठला. त्याने आपला चांदीचा चषक बादलीत बुडवून काठोकाठ भरला.

तरुणपणी कॉर्कजवळच्या याच रस्त्यावर त्याने तो जिंकला होता. तेव्हाचे उस्ताद सांगत, धावताना घोटभर ब्रँडी चालेल, पण पाणी म्हणजे विष. त्या दिवशी ऊन आयर्लंडला न शोभणारं होतं. बरोबर धावणारा त्याचा जिवलग मॅलकी घोड्यांच्या हौदाशी थांबला आणि ओणवा झाला.

"वेडा आहेस का? पोटात गोळा येईल!" फिंटनने त्याला दंड धरून मागे ओढलं.

"एकच घोट रे, माझ्या बापा!"

"आधी पोच तर. मग हवी तेवढी बिअर पाजतो."

मॅलकी हसला आणि निमूट धावू लागला. फिंटन पहिला आला. मॅलकी गावाच्या वेशीपाशी कोसळला, तो उठलाच नाही. "माझ्या लेकाला तू भावासारखं जपलंस," असं म्हणत त्याच्या आईने फिंटनचे हात हातात घेतले होते. तेव्हा फिंटनलाही तसंच वाटलं होतं. पाण्याबद्दलचं खरं कळेपर्यंत ती माउली मातीआड गेली होती.

धावपटू धापा टाकत थांबला. चषक पाहून त्याला हसू आलं.

"काय आजोबा, शर्यत संपायच्या आधीच बक्षीस?"

"नाही रे पोरा," फिंटन म्हणाला, "उशीरच झालाय. पी."