एकच चौकोन लाल

मंदाआत्यांनी पिशवी उचलली, तेव्हा सुलक्षणाच्या मोबाईलमधल्या तक्त्यात एकच चौकोन लाल उरला होता. ‘सर्वांचं एकत्र जेवण.’ बाकी सगळे हिरवे झाले होते.

“आत्या, आता कुठे निघालात? पानं मांडतोय ना!”

“गाडी चुकेल गं, बाई.”

सुलक्षणानं कपाळाला हात लावला. सकाळपासून ती तेच करत होती. एरंडोलच्या या घरात ती यंदाच्या उन्हाळ्यात सून म्हणून आली, थेट संगमनेरहून. लग्नात तिची एकच अट होती, शिक्षण सोडणार नाही. रोज एसटीनं जळगावला जायची आणि प्रकल्प व्यवस्थापनात एम.बी.ए. करायची. या सत्रात प्रत्येकानं एक खरा प्रकल्प आखून पार पाडायचा होता. तिचा पहिला अहवाल मॅडमनी परत केला होता. “सगळं कागदावरचं आहे. जिवंत माणसं घेऊन काहीतरी करून दाखव. आणि शेवटी सगळी एकत्र दिसली पाहिजेत.” हाही परत आला, तर वर्ष जाणार होतं. घरचे आणखी एक वर्ष शिकू देतील, याचा तिला भरवसा नव्हता.

म्हणून तिनं श्रावणातली कानबाई निवडली. नारळाला नथ-डोळे लावून देवी मांडायची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्या पिठाचे रोट करायचे आणि सगळ्या भाऊबंदांनी मिळून खायचे. आखायला याहून सोपं काय असणार, असं तिला वाटलं होतं.

तिनं ग्रुपवर पाठवलेला तक्ता कुणी उघडलाच नाही. पूर्वी रोटाचं दळण घरच्या जात्यावर व्हायचं. बाया पहाटे गात बसायच्या आणि कुणी काय करायचं हे कुणाला सांगावं लागत नसे. आता गहू गिरणीत गेले आणि गिरणीची वीज गेली. सुरतेहून येणारे तोतारामकाका उशिरा आले, ते थेट चहाला बसले.

“काका, फुलं तुमच्याकडे होती!” सुलक्षणा म्हणाली.

“सूनबाई, हाऊ तक्ता कानबाईले दाखाडा का? तिनी सही लागी ना!”

सगळं घर हसलं. तिचा नवरा दीपकही हसला. तिला रडू यायचंच बाकी होतं.

तक्त्याप्रमाणे वागलं ते एकच माणूस. मंदाआत्या, तिच्या सासऱ्यांची बहीण, धुळ्याला दिलेली. त्या आदल्या दिवशीच आल्या. गहू निवडले, पुरण वाटलं, पीठ मळलं, रोट केले. मध्येच पदराला हात पुसत विचारायच्या, “आता तुझ्या मोबाईलात काय आलं गं?” आणि सांगितलं की ते करायच्या. ज्या कामावर बाकीची सगळी कामं अडतात ते नीट ओळखा, असं वर्गात शिकवलं होतं. इथं अशी सगळी कामं आत्यांच्या हातात होती.

सकाळी जागा करताना आत्यांच्या पिशवीत डबा दिसला, तेव्हाही ती वैतागली होती. “एवढा स्वयंपाक चाललाय, डबा कशाला आणलात?”

“राहू दे. सवय आहे.”

आणि आत्या दरवर्षी जेवणाआधी पळते, असं दीपकनं सांगून ठेवलं होतं. तिची गाडी असते म्हणे. सुलक्षणानं जोखीम म्हणून त्याची नोंद केली, उपायही केला. जेवणाची वेळ अलीकडे ओढली. आत्यांना स्टँडवर सोडायला दीपकला बांधून घेतलं. तरीही आत्या पिशवी घेऊन उभ्याच.

सुलक्षणाचा आवाज चढला. “धुळ्याला दर अर्ध्या तासाला गाडी आहे, आत्या! मी तुमच्यासाठी सगळं पुढं-मागं केलं. तुम्ही नाही बसलात, तर माझं सगळं अपुरं राहील. एक दिवस थांबायला काय होतं?”

पंगतीत तोतारामकाका पानातलं मीठ बोटानं सारखं करत राहिले. आत्यांनी पदर सावरला, कानबाईपुढे वाकल्या आणि बाहेर गेल्या.

सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, तिला हाताला धरून शेजारी बसवलं. रोटाचा पहिला तुकडा तिच्या ताटात घातला.

“खाय. पहिलं वरीस शे तुनं.”

“रोट आत्यांनी केलेत. त्यांच्याशिवाय मी कशी खाऊ?”

सासूबाईंनी आवाज खाली आणला. “ती करस, पण खास नही. ती लेक शे, दिल्या घरनी. तिले आपला रोट चालस नही. तू सून शे. तुले चालस.”

सुलक्षणा ताटाकडे बघत राहिली. रोटाच्या कडेला आत्यांच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटले होते.

“माझं ताट झाकून ठेवा,” ती म्हणाली आणि उठली.

आत्या स्टँडवर गेल्याच नव्हत्या. ओट्याच्या कडेला, दारातून दिसणार नाही अशा, पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीवर डबा उघडा होता. कळण्याची भाकरी आणि ठेचा. सुलक्षणाला बघून त्यांनी झाकण लावायची घाई केली.

“गाडी यायचीय अजून,” त्या म्हणाल्या.

सुलक्षणा शेजारी टेकली. आतून दीपक ओरडला, “अगं, पंगतीचा फोटो पाठवलाय! शेवटचा चौकोनही हिरवा केला. झाला तुझा प्रकल्प!”

तिनं मोबाईल काढला, तो चौकोन पुन्हा लाल केला आणि आत्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून घेतली.