डावीकडचं चाक

“काका, माझं ऐकाल तर लहानच बसवा,” टायरवाला म्हणाला, आणि तपासनीसांच्या मनात पाल चुकचुकली.

मोठी चाकं महाग, लहान स्वस्त. दुकानदार आपण होऊन स्वस्तातला माल पुढे करतोय? तपासनीसांनी नोकरीभर दुकानांतली वजनं-मापं तपासली होती. पारड्याच्या तळाला चिकटवलेला मेणाचा गोळा ते नुसत्या बोटांनी ओळखत. विकणारा स्वतःच्या तोट्याचं बोलायला लागला की आधी पारडं उलटं करून बघावं, हा त्यांचा जन्माचा धडा.

“का बरं लहान?”

“मोठ्या रिमवर टायर बारीक बसतो. फुटपाथच्या कडेला घासलं की थेट रिमला लागतं. लहान रिमचा टायर जाड. मार तो खातो, रिम वाचते.”

“मीही तेच म्हणत होते,” बायको पटकन म्हणाली.

जरा जास्तच पटकन. हिला आजवर गाडीच्या रंगापलीकडे काही ठाऊक नव्हतं. आज न बोलावता बरोबर आली आणि आता चाकांवर मत देत होती. या दोघांचं आधीच काहीतरी शिजलंय, हे तपासनीसांनी ताडलं.

“घासणार कोण? मी?” ते म्हणाले. “इतकी वर्षं चालवतोय, कुणाला साधा धक्का लागला नाही. घासणारं माणूस वेगळंच आहे.”

ते माणूस कोण, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. लेक. तिच्याकडे लायसन्स होतं, मैत्रिणी होत्या आणि गाडीची दुसरी किल्ली होती. रिमवर ओरखडे दिसायला लागले तसे त्यांनी किल्ली मागून घेतली. लेकीने किल्ली टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून ती बसने जायला लागली. तरी ओरखडे वाढतच राहिले. मग तपासनीसांनी सापळा लावला. झोपण्याआधी ते टायरवरून खाली फरशीपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढत. गाडी बोटभर जरी हलली, तरी रेघ मोडणार. सकाळी पाहावं तर रेघ जशीच्या तशी. आणि दोन दिवसांनी नवा ओरखडा! लेक रेघ पुन्हा जुळवत असणार, म्हणून त्यांनी खडूसुद्धा कपाटात कुलूपबंद केला.

टायरवाला गाडीभोवती फेरी मारून आला. “काका, ओरखडे डाव्या चाकांनाच आहेत. पुढच्या आणि मागच्या. उजवी दोन्ही कोरी करकरीत.”

“म्हणजे चोर डावखुरा आहे,” तपासनीस म्हणाले.

कुणीच हसलं नाही. टायरवाला आत गेला, एकेक करून चाकं घरंगळत आणली आणि त्यांच्यासमोर भिंतीला टेकवून ठेवली.

“घ्या. लहान-मोठं शेजारी शेजारी. आता तुम्हीच ठरवा.”

तपासनीस हात मागे बांधून उभे राहिले. मोठं चाक झोकदार होतं खरं. लखलखीत रिम आणि वर काळ्या काठासारखा बारीक टायर. त्यांनी ते निरखून पाहिलं. मग त्यांच्या ओठांवर पारडं उलटं करतानाचं जुनं हसू आलं.

“लहान घ्या, लहान घ्या म्हणून मघापासून गळ घालताय, आणि दाखवायला लहान चाक दुकानात नाही! सापडलात की नाही?”

टायरवाल्याने त्यांच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मग ती पुढे आली. चारचौघांत नवऱ्याचा हातही न धरणारी ती बाई, तिने त्यांच्या गालाला तळवा लावला आणि लहान मुलाला चांदोबा दाखवावा तसा त्यांचा चेहरा हलकेच डावीकडे वळवला.

चाक तिथेच होतं. लहान, गुबगुबीत टायरचं, मोठ्याला खेटून उभं.

त्यांनी मान सरळ केली. चाक गेलं. डावीकडे वळवली. आलं. संशयी तराजूवर तेच वजन पुन्हा पुन्हा घालून पाहावं, तसं त्यांनी करून पाहिलं. दर वेळी माप तेच भरलं.

“तुला माहीत होतं?”

“मी डावीकडेच बसते ना,” ती म्हणाली. “डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणालात, त्याचं चष्मेवाल्याशी साटंलोटं आहे. म्हटलं, तुम्ही ऐकेपर्यंत निदान टायर तरी जाड असू दे.”

“अगं, फुटपाथच्या कडेने माणसंही चालतात.”

“म्हणून तर गाडीत कधी डोळा लागू दिला नाही मी.”

बाहेर कुठेतरी चाकात हवा भरल्याचा आवाज येत होता.

“मग काका, कुठली बसवू?” टायरवाल्याने हळूच विचारलं.

त्यांनी खिशातून लेकीची किल्ली काढली आणि बायकोच्या हातावर ठेवली. “तिला बोलावून घे. चालवेल ती. चाकंही तिलाच निवडू दे.”

सवयीने ते गाडीच्या उजव्या दारापाशी गेले. हात मुठीपर्यंत नेला, मागे घेतला, आणि वळसा घालून डावीकडे, बायकोच्या जागी जाऊन बसले. पाय कुठे ठेवावेत म्हणून खाली पाहिलं. रबरी पायपुसण्यावरची नक्षी सगळीकडे नव्यासारखी होती. फक्त उजव्या पायाखाली ती झिजून गुळगुळीत झाली होती, आणि मधोमध, टाच रोवून चवडा दाबावा तिथे, भोक पडलं होतं.

ब्रेक त्या बाजूला नव्हताच.