जिरेखानाचं हसू

"थांबा. श्वास ऐकू आला," रेकॉर्डिंगच्या काचेपलीकडून बेहदाद म्हणाला.

महलगा खानूमनी कानांवरचे हेडफोन खाली ओढले. "येणारच की रे! जिवंत आहे मी अजून."

बेहदाद हसला, पण ते काही खरं हसू नव्हतं. पुन्हा तेच वाक्य आणि पुन्हा तीच गत. पडद्यावर जिरेखान टेकडीवरून बडबडत खाली धावत होता आणि महलगा खानूमचा दम अर्ध्या टेकडीवरच संपत होता. जिरेखान म्हणजे सिनेमातलं गाढवाचं पिल्लू, जिऱ्याएवढं म्हणून जिरेखान. लहान पोराचा आवाज काढायचा तर मोठी बाईच हवी, ही तेहरानच्या डबिंगवाल्यांची जुनी रीत. पण बाई सत्तरीला टेकली की धावणार कशी, ते रीतीत कुठे सांगितलेलं नाही.

पहिल्या दोन्ही भागांत जिरेखान त्यांच्याच गळ्यातून बोलला होता. तिसरा नवरोझला येणार होता. इमारतीतल्या पोरांनी तर नुसता उच्छाद मांडला होता. चौथ्या मजल्यावरची हाना रोज लिफ्टमध्ये त्यांना गाठायची. त्यांना ती खाले, म्हणजे मावशी म्हणायची. "खाले, जाहिरातीत तो परक्या भाषेत बोलतोय! सिनेमात आपल्यासारखं बोलेल ना? तोच बोलेल ना?"

"तोच बोलेल गं बाई, अगदी तस्साच," असं महलगा खानूम सांगून बसल्या होत्या. जिरेखान रोज आपल्याच शेजारी उभा राहून लिफ्टनं वर जातो, हे हानाला ठाऊक नव्हतं. त्यांनीच कुणाला सांगितलं नव्हतं. गाढवाच्या तोंडून म्हातारी बोलते हे पोरांना कळलं तर त्यात काय राम राहिला? आणि खरं सांगायचं तर त्या सिनेमाची वाट पोरांपेक्षा त्याच जास्त बघत होत्या.

आज दाराजवळच्या खुर्चीत साये नावाची एक तरुण मुलगी बसली होती. "सहज ऐकायला बोलावलंय," असं बेहदाद म्हणाला होता. महलगा खानूमच्याच हाताखाली तो हे काम शिकलेला, त्यामुळे पुढचं बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.

"मूग गिळून काय बसलास?" त्याच म्हणाल्या. "उठव त्या पोरीला."

साये उठली, माईकपुढे उभी राहिली आणि एका दमात टेकडी उतरून आली. शब्द न् शब्द जिरेखानाच्या तोंडात बसला. महलगा खानूमना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोला?

पायथ्याशी जिरेखान कोलांटी खाऊन पडतो आणि पडल्या पडल्या खदखदून हसतो. साये हसली. बेहदादनं मान हलवली. ती पुन्हा हसली, आणखी एकदा हसली.

"अगं, लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी काय हसतेस?" महलगा खानूमना राहवेना. "गाढव आहे ते!"

सायेचे डोळे भरून आले. "मला नाही जमणार ते, ओस्ताद. पहिला भाग मी बाबांच्या मांडीवर बसून पाहिलाय. ते हसू दुसऱ्या कुणी काढलं, तर तिकिटाचे पैसे परत मागायला मीच आधी जाईन."

मग महलगा खानूमनी बुटांची बकलं सोडली, बूट पायानंच बाजूला सारले आणि अनवाणी माईकपाशी गेल्या. हसायचं असलं की त्या बूट काढायच्याच, पहिल्या भागापासून.

"सरक जरा. धावणं तुझं, पडल्यानंतरचं माझं."

दोघी एकाच माईकपुढे खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. साये टेकडीवरून सुसाट धावत आली, पडली, आणि महलगा खानूम हसल्या. ते हसू तसंच होतं, जसंच्या तसं. काळाला ते कसं सापडलं नाही कोण जाणे.

बेहदादनं तो तुकडा दोनदा लावून ऐकला. "मला तरी सांधा कळत नाही. पण पोरांचे कान फार तिखट. त्यांना कळला तर?"

"विचारू या की."

"बाहेर कुणाला ऐकवायचं नसतं, खानूम!"

"कुणाला म्हणजे? चौथ्या मजल्यावरच्या एका चिमुरडीला. तिनं नाही म्हटलं तर सगळंच सायेचं. मी घरी बसून चहा पिईन." असं म्हणून त्यांनी फोन लावलासुद्धा. हाना फोनवर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "हे ऐक बरं, कोण आहे?"

बेहदादनं तुकडा लावला. धावणं संपलं, हसू संपलं. महलगा खानूमनी सायेचा हात कधी घट्ट धरला, ते त्यांनाही कळलं नाही.

"मामान!" हाना आईला हाक मारत एकदम किंचाळली. "मामान, धाव! जिरेखान आलाय! आपल्यासारखं बोलतोय!" मग धापा टाकत ती फोनपाशी परत आली. "खाले, तो तुमच्याजवळच आहे ना? त्याला विचारा ना, पडला तेव्हा लागलं का?"

महलगा खानूमच्या ओठांवर उत्तर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं आणि फोन सायेपुढे धरला.

"तुला विचारतेय," त्या हळूच म्हणाल्या. "बोल."

सायेनं श्वास भरून घेतला. आणि नुकतेच पायात चढवलेले बूट महलगा खानूमनी पुन्हा काढले.