अखर्चित

मार्चअखेर आली तशी सरकारी कॉलेजात दरवर्षीची धांदल उडाली. रसायनशास्त्राची मुलं कँटीनचा चहा तपासत सुटली होती, संस्कृतची मुलं शिपायाशी श्लोकांत बोलत होती. अनुदानातून मुलांच्या डोक्यात भरलेलं जे ज्ञान वर्षभरात वापरलं जायचं नाही, ते अखर्चित ठरून सरकारजमा व्हायचं.

साथरोग विभागाच्या गवारे मॅडम मात्र नुसत्या बसून होत्या. शेजारी त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी, चित्रलेखा.

"मॅडम, यंदा जिल्ह्यात कॉलऱ्याचा एकही रोगी नाही," लेखा विभागाचे आव्हाड भाऊसाहेब म्हणाले. "मी हिचा उपयोग कुठे दाखवू?"

"अहो, हिनं हिवाळाभर गावोगाव फिरून विहिरींत औषध टाकून घेतलं, म्हणून साथ आली नाही."

"साथ आली नाही, म्हणजे गरज नव्हती. वरचे असंच म्हणणार."

 गेल्या वर्षीही हेच बोलून झालं होतं. मॅडम स्वतः जुन्या पद्धतीनं, पुस्तकं वाचून शिकलेल्या. त्यांच्याकडचं कुणाला परत नेता येत नव्हतं, एवढंच.

भाऊसाहेबांनी चित्रलेखाच्या डोक्यावर ज्ञान काढून घ्यायचा टोप चढवला आणि थोड्या वेळानं उतरवला.

"डोकं कसं हलकं झालं," ती हसून म्हणाली. मग व्हरांड्यातल्या उघड्या पिंपात तिनं ग्लास बुडवला. पाणी गढूळ होतं.

ग्लास ओठांना लागायच्या आत मॅडमनी तिचं मनगट धरलं.

"काय झालं मॅडम?" चित्रलेखानं विचारलं. "पाणीच तर आहे."