लांब चिमटा

मालोजी गुरांच्या दवाखान्यात कामाला होते. पाड्यांवर जायला त्यांच्याकडे जुनी मोटारसायकल होती. पुढचं चाक धरणारा चिमटा कापून आखूड केल्यामुळे ती बसकी दिसायची. त्यांचा मुलगा वाल्मिक कुंभिवलीच्या कारखान्यात होता. तिथले त्याचे मित्र तिला हसले, तेव्हा त्याने शिळफाट्याला नेऊन तिला लांब, चकचकीत चिमटा बसवून आणला.

"तुमच्यासाठी केलं, बा."

मालोजींनी हँडलवरून हात फिरवला. "झ्याक दिसतंय रं." मग महिनाभर ते भेटेल त्याला सांगत राहिले, पोरानं करून दिली म्हणून.

एका सकाळी वाल्मिक कशेळ्याला एसटीतून उतरला. समोरून बा मोटारसायकलवर त्याला न्यायला आले, पण बाजारात न थांबता थेट पुढे ओढ्यावरच्या मोरीपर्यंत गेले आणि तिच्या कठड्यावर पाय टेकून कसेबसे उतरले.

"एवढ्या लांब का थांबलात?"

"चिमटा लांब झाल्यापासून जमिनीला पाय पुरत नाय. दोनदा पडलो चारचौघांत," ते हळूच म्हणाले. "तू माज्यासाठी एवढ्या हौसेनं केलंस, म्हणून बोललो नाय."


हौस मित्रांपुढे मिरवायची होती, हे वाल्मिकला तेव्हाही सांगता आलं नाही.