आजींच्या खोलीचं दार

“चेहरा हसरा ठेव. आज घरात मंगलकार्य आहे, त्याला दृष्ट लागू द्यायची नाही.”

दिएपच्या कानात सकाळपासून दिराचे हेच शब्द होते. म्हणून ती हसत होती. वरपक्षाची माणसं लाल कापडानं झाकलेली तबकं घेऊन फाटकाशी रांगेत उभी राहिली, तेव्हाही ती हसली. काब्रामाटाच्या व्हिएतनामी वस्तीतल्या त्या गल्लीत नऊलाच ऊन भाजत होतं.

दहाचा मुहूर्त होता, देवळातल्या भिक्खूंनी काढून दिलेला. दहाला पूर्वजांपुढे मेणबत्त्या लावायच्या, नवरानवरीनं वाकून नमस्कार करायचा, वडीलधाऱ्यांना चहा द्यायचा. मग लेक उयेन सासरच्या गाडीत बसली की झालं. तास-दीड तासाचा प्रश्न होता.

पण तेवढ्यात वरमाईला काही कळलं तर सगळं संपलं. घरात सुतक आलं की लग्न पुढे जातं, कधी वर्षभर, कधी तीन वर्षं. काही घरं मरण झाकून आधी लग्न उरकतात आणि मग रडायला बसतात. पुष्कळजण त्यालाही रीतच म्हणतात. वरमाई ह्वे तसं म्हणत नसे. थोरल्या मुलाच्या वेळी तिनं अशाच संशयावरून वरात अर्ध्या वाटेतून परत फिरवली होती. आणि इथे उयेनला तिसरा महिना लागला होता. ते तिच्या आईवडिलांना आणि होणाऱ्या नवऱ्याला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

उयेन आतल्या खोलीत आरशासमोर होती. पहाटे चारलाच केस करून घ्यायला गेलेली, ती सातला परतली होती.

“आई, बाबा कुठे आहेत?”

“जेवणाच्या हॉलवर गेलेत. तिथला नळ फुटलाय, स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालंय म्हणे.”

“आजच फुटायचा होता?”

“तुझ्या बाबांशिवाय कुणाला पान्हा सापडत नाही तिथे.”

पोरगी हसली. दिएपनं तिच्या डोक्यावरचा लाल फेटा उगाचच सारखा केला आणि बाहेर आली.

ह्वे दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती.

“विहीणबाई, समोरच्या घरातली ती असीरियन बाई भेटली आत्ता. पहाटे तुमच्या दारात ॲम्ब्युलन्स होती म्हणाली.”

“हो. आमच्या सासूबाईंना जरा धाप लागली होती,” दिएप म्हणाली. “तपासलं, औषध दिलं.”

“आता कशा आहेत?”

“झोपल्यात.”

“मग पाया पडून येते.”

“नको हो, गोळी दिलीय त्यांना. नंतर पडा.”

“झोपलेल्याच्या पाया पडता येत नाही होय?” ह्वेचा आवाज चढला नाही. “की उठायच्याच नाहीत त्या?”

तबकं धरून उभी असलेली पोरं एकमेकांकडे बघू लागली. दिएपचा दीर विन्ह पुढे झाला.

“ताई, मुहूर्त टळेल.”

“मुहूर्त बिनसुतकी घराला असतो, भाऊजी.”

दिएप आजींच्या दारात आडवी येऊन उभी राहिली. मनात करुणेची देवी क्वान आम हिचा जप चालू होता, आणि मधेच नाव विसरायला होत होतं. ह्वेनं तिला हलकेच बाजूला केलं आणि दार लोटलं.

खोलीत अंधार होता. पडदे ओढलेले. म्हातारी भिंतीकडे तोंड करून, चादर कानापर्यंत घेऊन पडली होती. ह्वे पायथ्याशी गेली. चादरीबाहेर आलेल्या पावलांना तिनं बोटं लावली.

“गार आहेत,” ती हळूच म्हणाली.

“हात काढ गं. गुदगुल्या होतात.”

ह्वे दचकून मागे सरली. म्हातारीनं मान वळवली.

“कोण, वरमाई का? नवऱ्या मुलाला सोडून माझ्या पायाशी काय करतेस?”

“आजी, पहाटे तुम्हाला धाप लागली होती ना...”

“मला? रात्रभर घोरत होते मी. उठले ती आत्ता, तुझ्या बोटांनी.” मग तिनं सुनेकडे पाहिलं. “बदक भाजलं का? आणि माझा कुओंग कुठाय?”

“हॉलवर, आई. नळ फुटलाय.”

“लेकीच्या लग्नात नळ दुरुस्त करतोय. बापावर गेलाय अगदी.”

बाहेर हशा पिकला. ह्वेचं तोंड एवढंसं झालं. “म्हातारी माणसं दुखणं कबूल करत नाहीत कधी,” ती पुटपुटली, आणि तिनं दिएपचा हात धरला. “राग मानू नका. मुलाची आई आहे मी. भीती वाटते.”

“वाटायचीच,” दिएप म्हणाली.

बरोबर दहाला विन्हनं मेणबत्त्या लावल्या. ज्योती सरळ उभ्या राहिल्या, तशी शुभशकुन म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. उयेननं वाकून चहा दिला. बापाचा पेला काकानं घेतला, एका घोटात संपवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

“काकाला चहा भाजला वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

नवरीची आई वरातीबरोबर जात नाही. तेव्हा दिएप उंबऱ्यात थांबली याचं कुणाला काही वाटलं नाही. उयेननं गाडीतून हात हलवला. ह्वेनंही हलवला. सगळ्या गाड्या एकामागून एक कोपऱ्यावरून वळल्या.

विन्हनं फाटक लावलं. खिशातला फोन काढला.

“वहिनी, दवाखान्यातून तिसऱ्यांदा विचारतायत. दादाचा देह कधी नेणार?”

“आंघोळ घातल्यावर,” दिएप म्हणाली. “परक्या हाताला शिवू देणार नाही, असं कबूल केलंय मी तुमच्या दादांना.” तिनं दोरीवरचा धुतलेला टॉवेल काढून त्याची घडी केली, आजींना ऐकू जाणार नाही अशा पावलांनी पायऱ्या उतरली आणि निघाली.